हलकेबाबांचा काटा

अकोटच्या त्या मंगल कार्यालयात लग्न नव्हतं, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या मजल्यावर हलकेबाबा आले होते. आले म्हणजे काय, अवतरलेच होते. जाडजूड माणूस बाबांच्या सतरंजीवर तासभर निजला, की उठताना तीन किलो कमी! ना उपास, ना घाम. असा बाबा कोणाला नको असतो?

"देह हे ओझं, चरबी हे गेल्या जन्माचं कर्म," बाबा माईकवरून सांगत होते. "तुम्ही जितकं चालता, तितकी चरबी अंगात मुरत जाते, लोणच्यात तेल मुरतं तशी. निजा, बाळांनो, निजा."

आजवरचे सगळे बाबा पहाटे उठायला सांगणारे. हा निजायला सांगत होता, म्हणून लोक गहिवरले होते.

निजून उठलेल्यांत मनकर्णाबाई होत्या. वय बावन्न, घरची चौदा एकर कपाशी. निजण्याआधी वजन चौऱ्याऐंशी, उठल्यावर एक्क्याऐंशी. आकडा पाहून त्यांचे डोळे भरून आले. दोन वर्षं त्या मैत्रिणीबरोबर, नईमाबरोबर, रोज सकाळी हिवरखेड रोडने चार किलोमीटर चालत होत्या, आणि वजन उतरलं होतं मोजून एक किलो. "एवढी चालते, तरी होती तशीच," असं शेजारचे खुशालराव ओट्यावर बसून न चुकता म्हणत. खुशालराव अंगाने काडी. म्हणजे बोलायचा हक्क त्यांचाच.

दुसऱ्या दिवशी त्यागविधी होता. चालायचे बूट आणि औषधाच्या गोळ्या बाबांच्या पेटीत टाकायच्या, मग गेलेले तीन किलो परत येत नाहीत, असा हवाला होता. मनकर्णाबाई त्या सकाळी चालायला गेल्याच नाहीत. नईमा घरी येऊन पाहते, तर बाई बूट आणि मधुमेहाच्या गोळ्या पिशवीत भरत बसलेल्या.

"हे काय करून राहिल्या ताई तुमी?"

"आता मले काय गरज त्याची? बाबानं एका तासात केलं, ते तुह्या संगतीनं दोन वर्षांत झालं नाही."

नईमाला हे लागलं. पण ती पंधरा वर्षं जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या गिरणीत, कापसाच्या काट्यावर बसलेली बाई. रागवायच्या आधी वजन तपासायची तिला सवय. तिने एवढंच विचारलं, "ताई, निजून उठल्यावर तुमी काट्यावर चढल्या. त्याच्या आधी रिकामा काटा किती दाखवत होता?"

मनकर्णाबाईंनी पिशवी खाली ठेवली. जिनिंगमध्ये "आधी रिकामा काटा दाखव" म्हटल्याशिवाय त्या कापसाचं एक गाठोडं ठेवू देत नसत. दोनशे ग्रॅमसाठी त्यांनी व्यापाऱ्याशी उभा दावा मांडला होता. आणि बाबांसमोर अख्ख्या हॉलभर शेतकऱ्यांतून एकानेही तोंड उघडलं नव्हतं. कापूस आपला असतो, चमत्कार दुसऱ्याचा.

"आकड्यावर शाल टाकली होती," त्या हळूच म्हणाल्या. "आन् निजून उठल्यावर मी चढायच्या आधी बाबानं काट्यावर कलश ठेवून पूजा केली."

"पूजेत बटण दाबलं काय?"

"बटणाले कुंकू लावलं. तवा दाबलं असन."

त्या दुपारी मनकर्णाबाई पिशवी घेऊन कार्यालयात वर गेल्या. सोबत नईमा. कलशाची पूजा झाली, कलश उचलला गेला, त्यागाआधीच्या वजनाला बाईंचा नंबर आला.

"बाबा, आधी रिकामा काटा दाखवा."

"बाळ, रिकाम्या काट्यावर नजर पडली की शक्ती उडून जाते."

"उडू द्या. तीन किलोचीच तर हाय."

त्यांनी शाल ओढली. काट्यावर कोणी नव्हतं आणि आकडा होता उणे तीन. बाईंनी पाण्याने भरलेला तांब्याचा कलश परत ठेवला, शून्य. उचलला, उणे तीन. मागच्यांना दिसावं म्हणून त्यांनी पुन्हा एकदा करून दाखवलं. कलश ठेवून बटण दाबलं, की काटा कलशालाच शून्य धरतो. मग कलश उचलला, की चढेल त्याच्या वजनातून तीन किलो कापतो. कापसाच्या पोत्याचं, बारदानाचं, वजन असंच तर कापतात.

बाबा मागच्या दाराकडे सरकले. तिथे नईमा उभी होती. "बसा बाबा. नाहीतर निजा."

लोक हसले. तेवढ्यात सगळं ऐकत खुशालराव जिना चढून वर आले. कठडा धरून म्हणाले, "ते ठीक हाय वहिनी... पण चालून तरी... तुमचं वजन... कुठं उतरलं?"

दोन वर्षं हा प्रश्न मनकर्णाबाईंच्या उरात सलत होता. आज त्यांना त्याची लाज वाटली नाही.

"नाही उतरलं. दोन वर्षांआधी याच जिन्यात मी तीनदा बसली होती, आज एका दमात वर आली. साखर ताब्यात हाय. डॉक्टरीणबाई म्हणते, वजन उतरो न उतरो, चालणं वाया जात नाही. दम वाढते, काळीज मजबूत होते. जाड माणूस दमदार असू शकते, आन् बारीक माणूस..." त्या थांबल्या. खुशालराव अजून धापा टाकत होते. सगळ्यांनी तिकडे पाहिलं, आणि बिचारे स्वतःच हसले.

मनकर्णाबाईंनी आपली पिशवी काखेत घट्ट धरली आणि बाबांची पेटी उलटी केली. बूट ओळखून लोक पायात घालू लागले, गोळ्या खिशात गेल्या.

"कापसाच्या काट्याले जे विचारता, ते बाबाच्या काट्यालेही विचारत जा," बाई म्हणाल्या. "आन् उद्या सकाळी सहाले हिवरखेड फाट्यावर या. जाडे, बारीक, सगळे या. काटा कोणी आणू नका."