आवाज न करणारा कॉम्प्युटर

"हा बोलतो," असं म्हणत बर्फवाल्यांनी पंख्यावरचा हात उचलला. "दुसरा दाखवा."

काउंटरपलीकडच्या दुकानवालीनं चालू पंख्याजवळ कान नेला. चष्मा डोक्यावर सरकवून पुन्हा ऐकलं. "काका, अगदीच बारीक आवाज आहे हो. एवढासा आवाज ऐकू कुणाला जातो?"

"मला तर मुळीच नाही. पण हाताला लागतो ना!"

कानात यंत्र घातलेला एक म्हातारा आवाजावरून माल नापसंत करतोय, हे बघायला शेजारचं गिऱ्हाईकही थांबलं. दुकानवालीनं मात्र न कुरकुरता दुसरा पंखा जोडून चालू केला. बर्फवाल्यांनी त्याच्या चौकटीवर तळवा टेकला, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळानं मान डोलावली. पंखा मोठा होता, हळू फिरत होता आणि गप्प होता.

बर्फवाल्यांनी उभं आयुष्य बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर चालवला. कारखाना कधीच बंद पडला, नाव मात्र चिकटून राहिलं. कॉम्प्रेसरनं त्यांचे कान नेले आणि अमोनियाच्या वासानं थोडीफार छातीही. त्याबद्दल त्यांची तक्रार नसे. "मशीननं मला पोसलं, मी मशीनला कान दिले, हिशेब मिटला," असं ते म्हणायचे, आणि ते खरंच मनापासून.

त्यांची बायको बसस्थानकात गाड्यांची घोषणा करायची. नोकरी सुटली तरी सगळा भाग तिला घोषणाबाईच म्हणे. जिच्या एका शब्दावर शेकडो पुरुष सामान घेऊन पळत सुटतात अशी गावात एकच बाई आहे आणि ती माझी आहे, हा बर्फवाल्यांचा जुना विनोद. पुढे स्थानकात आधीच भरून ठेवलेला आवाज आला आणि बाई घरी बसल्या. आता त्यांना अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून द्यायची होती. तसं काम करणाऱ्या एका संस्थेला त्यांनी एक प्रकरण वाचून पाठवलं. उत्तर आलं: वाचन फार सुंदर, पण मागे सतत मशीनची घरघर आहे. स्वच्छ नमुना पाठवलात तर पूर्ण पुस्तक तुमच्याकडेच देऊ.

घरघर अर्थातच कॉम्प्युटरची होती. भाच्यानं वापरून टाकलेला तो डबा चालू झाला की टेबलावरचा पेला थरथरायचा.  ज्यातलं प्रकरण पाठवलं होतं ते जाडजूड प्रवासवर्णन बाईंनी कपाटावर ठेवून दिलं आणि मोठ्यानं वाचणंच सोडलं. एरवी पेपर वाचतानासुद्धा त्यांचे ओठ हलायचे. आता ते मिटलेलेच असायचे. ज्याला बायकोचं बोलणं निम्मं ओठांवरूनच कळतं, त्याला ओठ मिटले की घर रिकामं वाटतं.

तयार मशीन आणता आलं असतं. पण तयार मशीनमध्ये कुठला पंखा, कुठली हार्ड डिस्क, कोण जाणे. त्यापेक्षा एकेक भाग पारखून घ्यायचा आणि घरी आपण जोडायचा, असं त्यांनी ठरवलं. मशीन म्हणजे मशीन, त्यात काय एवढं!

त्यात बरंच काही होतं, ते दुकानवालीनं समजावलं. तिनं सगळे भाग काउंटरवर मांडले. "काका, इथे एकटं काहीच चांगलं नसतं. हा प्रोसेसर चांगला, पण या मदरबोर्डवर बसतच नाही, त्याची बैठक वेगळी. रॅम या बोर्डाला चालते तीच घ्यायची. खाच बघा, इथे आहे. जुन्या रॅमची खाच इकडे येते. जोर लावून बसवायला गेलात तर दोन्ही गेले."

"म्हणजे लग्न जमवण्यासारखंच की."

"त्याहून सोपं. इथे जमत नाही ते लगेच कळतं."

बर्फवाले खळखळून हसले. दुकानवाली त्यांना आवडली. तिनंही त्यांचं दुखणं ओळखलं होतं. पडद्यावर चित्र दाखवायची सोय प्रोसेसरच्या पोटातच असेल तर वेगळं कार्ड लागत नाही, म्हणजे त्याचा पंखाही वाचतो, हे तिनंच सुचवलं. हार्ड डिस्कच्या फिरणाऱ्या चकतीऐवजी तिनं पोस्टकार्डाहून लहान, जागची न हलणारी एसएसडी काढली. जेवढं कमी फिरेल तेवढा आवाज कमी, हे बर्फवाल्यांना कुणी शिकवायला नको होतं. कॅबिनेट त्यांनी आतून जाड अस्तर लावलेलं निवडलं. लोखंडी पेटीला कुणीतरी कोट शिवावा तसं ते दिसत होतं.

गाडी अडली ती कूलरवर. प्रोसेसर तापतो, त्याच्या डोक्यावर थंड ठेवणारा कूलर बसवावा लागतो. बर्फवाल्यांचा हात थेट सर्वांत वरच्या खणातल्या, ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या एका थोराड ठोकळ्याकडे गेला.

"तो नको काका. कॅबिनेट अरुंद आहे, त्यात अस्तर. दार लागणार नाही. हा लहान घ्या, तुमच्या कामाला पुरून उरेल."

"थंडाव्यात हात आखडता घेतला की मशीन बोंबलतं. माझं आयुष्य गेलंय त्यात."

"थंडावा राहू द्या, मी उंचीबद्दल बोलतेय."

बहिरेपणाचा एक फायदा असतो. नको ते ऐकू येत नाही आणि त्यासाठी कुणी रागवतही नाही. बर्फवाल्यांनी ठोकळा पिशवीत घातला आणि दुकानवालीचा निरोप घेतला.

घरी टेबलावर चादर अंथरून जोडणी सुरू झाली. बाई समोर बॅटरी धरून बसल्या, म्हणजे उजेडही पडेल आणि त्यांचे ओठही दिसतील. माहितीपुस्तिका वाचायचं काम अर्थातच त्यांचं. पहिल्या दोन ओळी त्यांनी साध्या वाचल्या. मग कोण जाणे काय संचारलं, त्या ताठ बसल्या आणि जुन्या आवाजात म्हणाल्या, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. चोवीस पिनांची मोठी तार बोर्डाच्या उजव्या कडेला लागत आहे."

बर्फवाल्यांच्या हातातला स्क्रू खाली पडला. कितीतरी दिवसांनी हे ओठ असे हलत होते. "पुढची गाडी सांग," ते म्हणाले.

"रॅमची गाडी दुसऱ्या फलाटावर उभी राहील. खटका वाजेपर्यंत दाबावी."

"वाजला का?"

"वाजला."

खटके ऐकायचं काम बाईंचं आणि ते लागलेत का हे अंगठ्यानं चाचपायचं काम बर्फवाल्यांचं, अशी वाटणी आपोआप झाली. प्रोसेसर आपल्या जागी अलगद बसला, काडीचाही जोर लागला नाही. तारा मागून फिरवून त्यांनी इतक्या नीट बांधल्या की बाई म्हणाल्या, "स्वतःचं कपाट कधी असं लावलंत का?" शेवटी थोराड कूलर चढवला आणि कॅबिनेटचं दार लावायला घेतलं. दार लागेना. चांगलं बोटभर कमी पडत होतं.

"नाकापेक्षा मोती जड," बाई म्हणाल्या.

"उघडंच ठेवू. हवा लागेल."

"आणि आवाज कुठे जाईल? आणलंत कशाला मग कोटवालं खोकं?"

बर्फवाल्यांनी कॅबिनेटचं दार हातात घेऊन उलटसुलट केलं. "एवढाच तुकडा कापला तर..."

"हात लावाल तर बघा!"

त्यांनी दार खाली ठेवलं. चूक त्यांची होती आणि ती चूक न ऐकल्याची होती, ऐकू न आल्याची नव्हती. एवढा फरक ते स्वतःशी करत आले होते. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच ते ठोकळा घेऊन हजर झाले. दुकानवालीनं काउंटरखालून लहान कूलर काढून पुढे ठेवला. खोक्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, "बर्फवाले काका."

"आधीच काढून ठेवला होतात?"

"तुम्ही येणार हे माहीत होतं. दार उघडं ठेवणाऱ्यातले तुम्ही नाही."

ते ऐकून बर्फवाले शाळेतल्या पोरासारखे लाजले.

घरी लहान कूलर बसवल्यावर कॅबिनेटचं दार लागलं. बटण दाबलं. समोर दिवा लागला, पडदा उजळला. बर्फवाल्यांनी कॅबिनेटवर तळवा ठेवला. हाताला काहीच लागलं नाही. "चालू आहे ना?" त्यांनी विचारलं. बाईंनी पेटीला कान लावला आणि मान डोलावली. "नक्की?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि बाईंनी पुन्हा कान लावला, त्यांच्या समाधानासाठी. "श्श सुद्धा नाही हो. पेटी झोपलीये." बर्फवाले खुर्चीत मागे रेलले. आपण केलेल्या सगळ्यात चांगल्या कामाची खूण म्हणजे काहीही नसणं, हे त्यांना फार आवडलं.

कपाटावरचं पुस्तक खाली आलं. जेवणं आटोपल्यावर दुपारी बाई माइकसमोर बसल्या, शेजारी खुर्ची ओढून बर्फवाले. पडद्यावर आवाजाची रेघ उमटायची सोय होती. बाई वाचत तशी रेघ उसळे, डोंगर होई, दऱ्या होत. बर्फवाले भान हरपून बघत राहिले. बायकोचा आवाज असा अख्खा त्यांना कितीतरी वर्षांनी मिळत होता.

परिच्छेद संपवून बाई थांबल्या. रेघ आडवी व्हायला हवी होती. ती पूर्ण आडवी झाली नाही. बारीकशी लाट उठली, बसली, पुन्हा उठली.

"घरघर आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"माझ्या मशीनची नाही." बर्फवाल्यांनी पंख्याची तार काढली. लाट तशीच. "एकेक बंद करत जायचं. दोष कुठे पळतोय!" छताचा पंखा बंद झाला. फ्रिज बंद झाला. भिंतीवरचं घड्याळ अंथरुणात गुंडाळून ठेवलं. खिडकी लावली. लाट आपली उठतेय, बसतेय. पुन्हा नमुना परत आला तर बाई तिसऱ्यांदा पाठवणार नाहीत, हे बर्फवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. पंख्याची तार पुन्हा जोडून ते तरातरा जिना उतरून खाली पाण्याचा पंप बघायला गेले आणि धापा टाकत वर आले.

"पंप बंदच होता."

"पण तुम्ही खाली होतात तेव्हा रेघ सरळ होती." बाई पडद्याकडे बोट दाखवत होत्या. बोलून झाल्यावर त्यांनी बोट हळूच मागे घेतलं. बर्फवाले खुर्चीत बसले होते आणि लाट आता चांगलीच मोठी झाली होती.

बर्फवाल्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग आयुष्यभर केलं तेच केलं, एक गोष्ट बंद करून बघितली. त्यांनी श्वास धरला.

रेघ आडवी झाली. पाण्यासारखी सपाट. त्यांनी श्वास सोडला आणि लाट उठली.

 मग बर्फवाल्यांनाच हसू फुटलं, आणि रेघेचे पडदाभर डोंगर झाले. "काखेत कळसा! सगळं घर बंद पाडलं मी. एवढी घरघर होते? आणि तू कधी बोलली नाहीस?"

"मला ती ऐकूच येत नाही हो," बाई म्हणाल्या. "रोज त्याच आवाजावर झोप लागते माझी. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी रात्र रात्र जागी होते. हा आवाज म्हणजे दोष, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "तुम्ही कोपऱ्यात बसा. नाहीतर असू दे तो. ऐकणाऱ्याला वाटेल, कुणीतरी सोबत बसलंय."

बर्फवाल्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. त्या डोंगरदऱ्या त्यांना रोज बघायच्या होत्या. पण दोष सापडल्यावर तो तसाच ठेवून मशीन चालवणं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. त्यांनी स्टूल उचललं, जिन्याच्या चौकात नेऊन ठेवलं आणि घराचं दार बाहेरून हलकेच ओढून घेतलं.

थोड्या वेळानं वरच्या मजल्यावर राहणारी टपालवाली रिकामी पिशवी हलवत धाडधाड जिना चढून आली. तोंड उघडणार तोच बर्फवाल्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आपला आवाज किती मोठा होईल याचा अंदाज नसल्यामुळे ते स्वतः काही बोलले नाहीत, फक्त दाराकडे खूण केली.

ती पायरीवर थबकली. मान तिरकी करून ऐकू लागली. ऐकता ऐकता तिनं पिशवी खाली ठेवली आणि कठड्याला टेकून पायरीवर बसली. मध्येच ती आपल्याशी हसली, मग भुवया आक्रसून पुढे वाकली, जणू आत कुणाचं तरी काहीतरी बिनसत होतं. बर्फवाले दाराला पाठ लावून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. वाचन चांगलं चाललं होतं.