दोराच्या टोकाची गाठ
मे महिन्यातल्या कोरड्या घळीतून दोरावर लटकत चौथा कडा उतरलो, तेव्हा माझ्यात बोलायचंही त्राण नव्हतं. दोर कड्यावरच्या लोखंडी कडीतून दुहेरी ओवलेला असतो; उतरणारा निसटू नये म्हणून त्याच्या प्रत्येक टोकाला गाठ मारतात आणि दोर खाली ओढण्याआधी ती सोडतात. प्रत्येक कड्याखाली मी नवऱ्याला, मितेशला, विचारायचे, "गाठ सोडलीस?"

"सोडली गं बाई! किती वेळा विचारशील?"

या वेळी मी विचारलं नाही. त्यानं एक टोक ओढलं आणि दुसऱ्या टोकाची गाठ वर जाऊन कडीत घट्ट अडकली. खाली अजून एक कडा उरला होता. त्यापलीकडे नवीन पनवेलच्या इमारती दिसत होत्या, आमचीही त्यातच कुठेतरी.

मितेशनं दोराला दोन-तीन हिसके दिले, पण तो हलला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "नेमकी आत्ताच कशी गप्प बसलीस गं?"