चार वर्षं, चार महिने, चार दिवस

मॅडमनी टेबलावर पुठ्ठ्याची तीन कार्डं मांडली. शाजियाने तिन्ही नीट पाहिली. मग एकाची कड अंगठ्याने दाबली आणि आईकडे वळून म्हणाली, "अम्मी, खळ जास्त झाली. पोपडे धरले."

"काय म्हणते ती?"

"तिचे नाना, माझे वडील, पुस्तकं बांधायचे," मदीहा म्हणाली. 'बांधायचे' या शब्दाशी जीभ अजून अडखळत होती. ते गेल्यानंतरचा चाळिसावा होऊन चारच दिवस झाले होते.

वैरागडे मॅडम हसल्या, पण कार्डावरचं बोट त्यांनी हलवलं नाही. "हे कोणतं अक्षर, बेटा?"

शाजियाने कार्डाऐवजी आईकडे पाहिलं.

"एबीसीडी येते का?"

"शिकवली नाही," मदीहा म्हणाली.

"मग अ, आ, इ? की उर्दू?"

"कुठलंच नाही."

"घरात शिकलेलं कुणी नाही का?"

मदीहा जिल्हा वाचनालयात नोकरीला होती. मराठी घेऊन बी. ए. झाली होती. वडिलांकडे बांधायला येणारं पुस्तक, खळ वाळेपर्यंत का होईना, वाचल्याशिवाय तिने कधी परत जाऊ दिलं नव्हतं. यातलं तिने काही सांगितलं नाही. "आता शिकवते," एवढंच म्हणाली.

"चार जागा उरल्यात," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी आणा. दहा अक्षरं ओळखली तरी बघू. सव्वीसला शाळा सुरू होते."

शाळा म्हणजे पडोलीच्या रस्त्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याचा जुना बंगला. नागपूरच्या कुठल्याशा संस्थेने यंदाच, दोन हजार एकच्या जूनपासून, तिथे इंग्रजी शाळा काढली होती. फाटकाचा निळा रंग अजून हाताला लागत होता. समोरून कोळशाचे ट्रक एकामागून एक जात होते आणि ते गेले की आवारातल्या नव्या घसरगुंडीवर काळा थर बसत होता. मदीहाने येतानाच मोजलं होतं, फाटकापासून डांबरी रस्ता अकरा पावलांवर होता.

तिचा नवरा झुबेर बाहेर मोटारसायकलवर बसून होता. घुग्घुसच्या खाणीत वर्कशॉपला होता तो. दुपारची पाळी गाठायची म्हणून सारखा घड्याळ पाहत होता.

"झालं?"

"नाही झालं. अक्षरं विचारली."

"घ्या!" त्याने हँडलवर हात आपटला. "मी तुले सहा महिन्यांपासून सांगून राह्यलो, पोरीले एबीसीडी शिकव म्हणून. पण नाई. तुझे अब्बा अन् त्यांचा कायदा!" आणि मग स्वतःच खाली पाहू लागला. "जाऊ दे. बस मागं."

अब्बांचा कायदा साधा होता, आणि तो त्यांच्या एकट्याचा नव्हता. मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याची बिस्मिल्ला करायची. घरातल्या वडीलधाऱ्याने त्याला समोर बसवायचं, अल्लाहचं नाव म्हणून घ्यायचं, त्याचा हात धरून पाटीवर पहिलं अक्षर काढायचं. मुलाचं शिक्षण त्या घडीला सुरू होतं. बाकीच्या घरांत त्या दिवसाआधी पोरं अक्षरं गिरवत, टीव्हीवरून एबीसीडी उचलत, कोणी मनावर घेत नसे. अब्बा, मोहल्ल्याचे पुस्तकं बांधणारे इनायत जिल्दसाज, मात्र अडून बसायचे. "बोलू द्या तिले, गाऊ द्या, गोष्टी ऐकू द्या. अक्षर मी देईन." मदीहाचं पहिलं अक्षर त्यांनीच काढून घेतलं होतं. तो हात, खळीचा वास असलेला, तिला आठवत होता. म्हणून लेकीच्या वेळी तिने झुबेरचं ऐकलं नाही, अब्बांचं ऐकलं. वाचनालयातून चित्रांची पुस्तकं आणायची आणि अक्षरांवर तळवा ठेवून गोष्ट सांगायची.

तो दिवस बावीस मेला येत होता. अब्बा एकोणतीस एप्रिलला गेले. घरात सुतक असल्यासारखी माणसं बसलेली. बावीस मे आला आणि गेला, कोणी नाव काढलं नाही.

जटपुरा गेटच्या आतलं अब्बांचं दुकान बंद होतं. दुकानामागच्या घरात मदीहाची आई खुर्शीदाबी आता एकट्या म्हणून मदीहा आणि झुबेर पोरीला घेऊन तिथेच राहायला आले होते. कूलरच्या पाण्यात भिजलेल्या वाळ्याचा वास घरभर होता. मदीहाने शाळेचा फॉर्म चटईवर पसरला.

"काऊन एवढी घाबरते?" खुर्शीदाबी तांदूळ निवडत म्हणाल्या. "मोहल्ल्यात उर्दू शाळा आहे. तुझे अब्बा तिथंच शिकले, तू तिथंच शिकली. कोणाचं काय बिघडलं?"

"बिघडलं नाही अम्मी. पण तिथून कॉलेजात गेले तेव्हा वर्षभर मला कोणाचं काही समजलं नाही, हे तुला माहीत आहे?"

"अन् या नवीन शाळेत तिले काय समजेल? सारे साहेबांचे लेकरं. आपली एकटी."

"तेच तर," मदीहा म्हणाली आणि तिला कळलं, आपण आईचीच बाजू मांडतोय. दिवसभर असंच चाललं होतं. आईने नको म्हटलं की शाळा चांगली वाटायची, झुबेरने हो म्हटलं की फाटक ते रस्ता अकरा पावलं आठवायची. शाळेला सरकारी मान्यताही अजून नव्हती. फाइल वर गेली आहे, असं मॅडम म्हणाल्या होत्या. उद्या शाळा बंद पडली तर? ना उर्दू, ना इंग्रजी, पोर मधल्यामध्ये लटकायची.

फॉर्मवर जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात मागितली होती. तिने लिहिलं, अठरा जानेवारी एकोणीसशे सत्त्याण्णव.

"काय लिहिलं?" खुर्शीदाबींनी विचारलं. तिने वाचून दाखवलं.

"ते मले नाई समजत. आठवा रोजा होता, एवढं माहीत आहे. दवाखान्यातून येऊन त्यांनी जंत्रीत लिहून ठेवलं."

मदीहाचं पेन थांबलं.

ती उठली. दुकानाच्या फळीवर खळीच्या डब्यामागे चांद्र महिन्यांच्या तारखा देणाऱ्या जंत्र्या रचलेल्या होत्या, एकेका सालची एकेक, अब्बांनीच बांधलेल्या. तिने यंदाची काढली. उभ्या उभ्याच बोटांवर मोजलं. रमजानची आठ. चार वर्षांनी पुन्हा रमजानची आठ. मग शव्वाल, जिल्काद, जिल्हज, मोहर्रम. मोहर्रमची आठ. वर चार दिवस. बारा मोहर्रम.

जंत्रीत बारा मोहर्रमसमोर पेन्सिलीने बारीक रेघ होती. शेजारी इंग्रजी तारीख छापलेली, सात एप्रिल.

चांद्र वर्ष लहान असतं, हे काय तिला माहीत नव्हतं? ईद दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येते, हे ती लहानपणापासून पाहत होती. पण जन्मतारीख म्हटली की दाखल्यावरची, मोजायचं म्हटलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर. तिने तसं मोजलं होतं आणि दीड महिना चुकली होती.

सात एप्रिल तिला लख्ख आठवला. मोहर्रमचे ताजिये ठंडे करून, पाण्यात सोडून, दोन दिवस झाले होते. वाचनालयातून औषधं घेऊन ती आली तर अब्बा आंघोळ करून पांढरा कुर्ता घालून बसलेले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा उठून बसले होते. दम लागत होता. "पाटी आण," ते म्हणाले. "शाजियाले बसव समोर." तिला वाटलं ताप चढलाय. ती म्हणाली, "अब्बा, मी मोजलं आहे. बावीस मे. अजून दीड महिना आहे. अन् मोहर्रमच्या महिन्यात असं शुभ काम कोणी करते काय?"

ते तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तू मोजलं? मग बरोबर असेल." आणि आडवे झाले.

"अम्मी," ती आतूनच म्हणाली, "त्या दिवशी त्यांनी कुर्ता का घातला होता, तुला माहीत होतं?"

"माहीत होतं की. बिस्मिल्ला करतो म्हणत होते."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही दोघांनी ठरवलं असेल असं वाटलं. तुमच्या पुस्तकातल्या गोष्टी मले कुठी समजते, बेटा?"

मदीहाने पुन्हा मोजलं. मग कागदावर मांडून मोजलं. आपल्या मोजण्यात कुठेतरी एखादी चूक सापडावी म्हणून तिने तिसऱ्यांदा मोजलं. सापडली नाही. जंत्री तिने जागेवर ठेवली, बाहेर येऊन आईच्या सुपातले खडे वेचायला बसली. खुर्शीदाबींनी तिच्याकडे पाहिलं, मग सूप तिच्याकडे सरकवलं.

गुरुवारी झुबेर पाळीहून आला तो तोंड पाडून. हातपाय न धुता दारातच बसला.

"आमच्या वर्कशॉपचा देवानंद आहे ना, त्यानं पोराचं नाव काढून घेतलं त्या शाळेतून. मान्यता नाई म्हणते. वर्षभरानं कुलूप लागलं तर बोंबलत बसा, म्हणते."

"मग?"

"मग काय? तूच तर म्हणत होती रस्ता वाईट, ट्रक येते. राहू दे. अम्मी म्हणते तसं उर्दू शाळेत टाकू. पुढच्या साली पाहू."

"मीच तर म्हणून राह्यली पहिल्यापासून," खुर्शीदाबी आतून बोलल्या. "सालभर थांबलं तर काय होते? एवढीशी तर आहे."

दोघंही एका बाजूला झाले होते. एवढे दिवस मदीहाला हेच हवं होतं, कोणीतरी नको म्हणावं आणि आपली सुटका व्हावी. आता सुटका दारात उभी होती आणि तिला ती नको झाली.

"पुढच्या साली ते घेणार नाहीत," ती म्हणाली. "सुरुवातीच्या वर्गातच घेतात."

"नाई तर नाई."

"थांबा म्हणायचं काम मी एकदा केलं," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "आता माझ्याच्यानं होत नाही."

झुबेरला काही कळलं नाही. खुर्शीदाबींना कळलं असावं, कारण आतला भांड्यांचा आवाज थांबला.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर मदीहाने शाजियाला न्हाऊ घातलं.

"मौलानांना बोलवू?" झुबेर म्हणाला.

"नको. अम्मी करेल."

"मी?" खुर्शीदाबींनी हात पदराला पुसले. "बाया करते काय कधी? मले तर लिहितासुद्धा येत नाई."

"म्हणता येतं ना? तू म्हण. हात मी धरते."

खुर्शीदाबी चटईवर बसल्या. त्यांनी पहिला शब्द उच्चारला. त्या थांबल्या, खाकरल्या, पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या. शाजिया मागून म्हणत गेली. मदीहाने तिची मूठ आपल्या मुठीत घेतली आणि पाटीवर पहिलं अक्षर, अलिफ, काढलं, वरून खाली.

"झालं?" शाजिया म्हणाली. "एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग नानांनी एवढे दिवस काऊन लावले?"

झुबेर खोकल्यासारखं करून बाहेर गेला. बत्तासे वाटायचे राहिले होते, ते खुर्शीदाबींनी पोरीच्या हातात दिले.

शनिवार-रविवार मदीहाने तिला अक्षरं दाखवली. इंग्रजीची चार आली. पाचव्याला पोर कंटाळली आणि मांजरामागे पळाली. मदीहाने हाक मारली नाही. दहा कोंबता आली असती. पण तसं करायला हात होईना.

सोमवारी झुबेर फाटकाशी म्हणाला, "अजून विचार कर." मदीहा म्हणाली, "तोच करून राह्यली." ती त्याच्यासारखी क्वचित बोलायची. तो हसला.

वैरागडे मॅडम शाजियाला एकटीलाच आत घेऊन गेल्या. शिपाई सुकलूभाऊंनी मदीहासमोर एक टाइप केलेला कागद ठेवला. शाळेला मान्यता मिळाली नाही तर पालकांची संस्थेविरुद्ध कोणतीही तक्रार राहणार नाही. खाली पालकाची सही.

"याची झेरॉक्स मिळेल?"

"लाइट गेली ना बाई. सारेच तशीच सही करून राह्यले."

"मग मी लिहून घेते."

"सारं?"

"सारं."

तिने पिशवीतून वही काढली. सुकलूभाऊ मान हलवत बाजूला झाले. ती एकेक ओळ उतरवत गेली, संस्थेचा नोंदणी क्रमांक, तारीख, जावक क्रमांक सुद्धा. दारामागून काही ऐकू येत नव्हतं. मध्येच झुबेर येऊन तिच्या खांद्यावरून पाहून गेला. तिचं शेवटचं वाक्य होतंय तोच दार उघडलं आणि शाजिया एकटीच बाहेर आली.

"काय झालं?"

"मॅडमनी लई कार्डं दाखवले. मले चार आले."

"अन् बाकीचे?"

"बाकीचे नाई येत म्हणून सांगितलं."

मदीहाने वही मिटली. "मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, येतील."

आतून मॅडमचा आवाज आला, "सही झाली असेल तर कागद आत पाठवा."

मदीहा कागदाकडे पाहत राहिली. शाळा वर्षात बंद पडू शकत होती. पोर वर्गात एकटी पडू शकत होती. आणि हे सगळं आपणच ठरवलं म्हणून पुढे झुबेर, अम्मी, कदाचित ही पोरसुद्धा बोट दाखवू शकत होती. तिने सही केली. अक्षर जरा वाकडं आलं.

"भाऊ," ती कागद देताना सुकलूभाऊंना म्हणाली, "शाळेची बस रस्त्याच्या या बाजूला थांबते का त्या बाजूला?"

"त्या बाजूले."

"मग लेकरं रस्ता ओलांडते कशी? सोबत बाई असते का? आणि आमच्या जटपुरा गेटवर बस किती वाजता येते? नक्की किती वाजता?"