मेणमाईच्या बाहुलीने मान टाकली

"टाकली! मान टाकली!"

खिडकीच्या काचेला नाक लावून उभ्या असलेल्या शेजारणी एकदम ओरडल्या. खोलीत शेगडीवरच्या फळीवर उभी असलेली मेणाची बाहुली खरोखरच हळूहळू कंबरेत वाकली आणि तिने मान खाली घातली.

"बघा! बाधा बाहुलीत उतरली," मेणाच्या बाहुल्या घेऊन घरोघरी बाधा काढत फिरणारी मेणमाई डोळे फिरवत म्हणाली. "कालपर्यंत टाहो फोडणारं पोर, आज कसं गप्प! खिडकी उघडाल, तर बाधा परत शिरेल. शेगडी विझवाल, तर मी जबाबदार नाही!"

जबाबदार ती कशालाच नव्हती. दक्षिणेची मात्र तिला पक्की आठवण होती.

बाळाची आई कोपऱ्यातल्या खाटेवर घामाने निथळत बसली होती. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, शेगडी लालबुंद आणि दारात सासूबाई. बाळ तीन दुलयांत गुंडाळलेलं, डोक्याला लोकरी टोपी. सकाळपासून त्याने धड दूधही ओढलं नव्हतं.

"आई, जरा वारा येऊ द्या ना. जीव घुसमटतोय."

"गप्प बस! माझं पहिलं लेकरू अशाच थंडीत गेलं. आता नातवाला गार लागू देऊ?"

सुनेला रागही येईना. घर तिचं, पोर तिचं, पण हलायची सोय नव्हती. तिने बाळाच्या गालावर बोट टेकवलं. एरवी लगेच तोंड वळवणारं बाळ हललंही नाही.

मग मात्र तिने कुणाला विचारलं नाही. खाटेवरून उठली, चिंध्या उपटल्या, खिडकी सताड उघडली आणि बाहेरच्या बायकांना ओरडून म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना बोलवा! धावत जा!"

"आता भोगा!" मेणमाई किंचाळली.

डॉक्टरीणबाई आल्या त्या सरळ बाळापाशी गेल्या. टोपी काढली, दुलया सोडल्या. मान घामाने चिंब, अंगावर लाल पुरळ, अंग तापलेलं. त्यांनी बाळाला बाहेरच्या खोलीत नेलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि आईच्या कुशीत दिलं. "पाजायला घे. थोडं थोडं." अंगाचा ताप आणि श्वास त्या पुन्हा पुन्हा तपासत राहिल्या. बऱ्याच वेळाने बाळाने दूध ओढलं, आणि मग असं भोकाड पसरलं की आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाधा परतली!" मेणमाई म्हणाली.

"असं?" डॉक्टरीणबाईंनी मेणमाईच्या पिशवीतून दुसरी, ताठ बाहुली काढली. आतल्या खोलीची खिडकी लावून घेतली आणि बाहुली शेगडीवरच्या त्याच फळीवर ठेवली. "बाळ तर बाहेर आहे. आता ही कुणाची बाधा घेते, बघू."

सगळे दारातून बघत राहिले. थोड्या वेळात तीही बाहुली कंबरेत वाकली आणि तिने मान टाकली. तिसरी बाहेरच्या खोलीत ठेवली, ती खांबासारखी उभी.

"मेण मऊ आहे, ऊब लागली की वाकतं. माझ्या या तापमापकात खोलीचा पारा तेहेतीस अंशांवर आहे. बाळ शांत झालं नव्हतं बायांनो, उकाड्याने मलूल झालं होतं."

मेणमाईने पिशवी आवरली. तिला कुणी अडवलंही नाही.

सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "मी मारतच होते की त्याला."

"तुम्ही घाबरला होता. घाबरलेल्या माणसाला कुणीही गंडवतं." डॉक्टरीणबाई त्यांच्याजवळ गेल्या. "थंडीही वाईटच. पण खोली वीस अंशांच्या आसपास पुरे. आपल्यापेक्षा एक कपडा जास्त, घरात टोपी नको. शेगडीपासून बाळ लांब, खिडकीला थोडी फट, धुराडं साफ. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, मानेमागे हात लावून बघा. मान घामेजली, की कपडे कमी करा. मलूल झालं, दूध घेईना, तर मला बोलवा. हा तापमापक भिंतीवर लावून ठेवा आणि त्यातला पारा वाचा."

सासूबाईंनी हात बाळाच्या मानेमागे नेला. "आता बरं आहे का गं?" त्यांनी सुनेला विचारलं.