जुलैतला नोव्हेंबर

"अप्पा, हा नोव्हेंबर कुणी लावला?"

ऑफिसची बॅग खांद्यावरून न उतरवताच मी भिंतीकडे बघत उभी राहिले. बाहेर जुलै होता. गॅलरीत दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नव्हते. आणि आमच्या कॅलेंडरवर नोव्हेंबर लागला होता.

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "असू दे गो. मगे उलटतंय."

"पण आज तारीख काय आहे, सांगा बघू."

"तुझो मोबाइल सांगात की," ते म्हणाले आणि हसले. अप्पा, म्हणजे माझे सासरे, घरात मालवणीच बोलतात.

मला हसू आलं नाही. कारण या घरात लग्न होऊन आल्यापासून मला कॅलेंडरचा कायदा माहीत होता. वरळीच्या एका ऑफिसात अप्पा लिफ्टमन होते. महिना संपला की ते कॅलेंडरचं पान फाडणार, चौघडी करून खिशात ठेवणार आणि मगच त्याची मागची बाजू वाचणार. आधी डोकावायचंसुद्धा नाही. लिफ्टच्या स्टुलावर बसून गोष्ट, मग फणसाची सांदणं, मग पित्तावरचे उपाय, सगळं महिनाभर पुरवून वाचायचं. राशिभविष्यही ते महिना उलटून गेल्यावर वाचत. "खरा झाला की नाय, ता तरी कळता," म्हणत. सासूबाई होत्या तोवर यावरून त्यांची खूप टिंगल करायच्या.

असा माणूस जुलैत नोव्हेंबर उघडून बसला होता.

आमच्या घराचा सगळा दिवस माझ्या फोनमध्ये रंगांत मांडलेला असतो. मुलगी अपूर्वा हिरवी, नवरा मयूर निळा, मी लाल. अप्पांना मी रंगच दिला नव्हता, कारण त्यांचं काम रोज तेच असायचं: अपूर्वाला शाळेतून घरी आणणं. मधे लालबागचा तो मोठा रस्ता. त्याच कामावर माझी नोकरी उभी होती.

रात्री मयूरला म्हटलं, "अप्पांना विसरायला होतंय."

"कॅलेंडर पलटलं म्हणून? यार अनुजा, तू पण ना! वाऱ्याने उलटलं असेल."

"वाऱ्याने चार पानं उलटतात?"

"अगं, मग त्यांना मोबाइल देऊया. कॅलेंडर पण त्यातच, गोष्टी पण. वाचून दाखवतो तो. आरामात ऐकत पडायचं."

सकाळी मी सहज विचारल्यासारखं केलं. "अप्पा, काल भाजी कुठली होती हो?"

"तोंडली. मीठ कमी होता. परवाची सांगू? ती पण अळणीच होती."

म्हणजे आठवण शाबूत होती. मग नोव्हेंबर कशाला? त्या दिवशी घरून काम होतं. शाळा सुटायच्या वेळेला मी लॅपटॉप मिटला आणि चोरासारखी जाऊन रस्त्याच्या अलीकडे, औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले.

पलीकडून ती दोघं आली. अपूर्वाचा हात अप्पांच्या हातात, तिची बाटली त्यांच्या खांद्याला. कडेला येऊन दोघं थांबली. अप्पांची मान सरळ. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. मान वळत होती ती माझ्या मुलीची. गाड्या जरा थांबल्या की दोघांचे आवाज इकडे येत होते.

"आजो, थांबा. बाइक. उलटी येते."

"येऊ दे. गेली?"

"गेली. आता बस. सहा आणि सहा."

"सहासष्ट. थांबली काय?"

"थांबली. ड्रायव्हरकाका आपल्याकडे बघतायत."

"मग चल."

आणि ती दोघं निघाली. अप्पा नेहमीच्याच चालीने, ताठ, समोर बघत. अपूर्वा त्यांच्या अर्धं पाऊल पुढे, मान सतत इकडे-तिकडे. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या माझ्या पोरीला बसवरचे मराठी आकडे वाचता येतात हेही मला त्या क्षणी कळलं. आधी राग आला, इतका की तिथेच ओरडले असते. पण मधल्या दुभाजकावर ती थांबली, तिने मान उचलून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हं, आता दुसरा अर्धा." तसे ओरडायचे शब्द माझ्या तोंडातच राहिले.

घरी आल्यावर अपूर्वाला जेवायला बसवलं आणि सरळ विचारलं, "अप्पा, तुम्हाला दिसत नाहीये ना?"

"दिसता. समोरचा दिसता."

"म्हणजे?"

त्यांनी खिशातून जूनचं फाडलेलं पान काढलं, घडी उलगडली, त्याची सुरळी केली आणि माझ्या हातात दिली. "एक डोळो मीट. ह्यातसून बघ."

मी बघितलं. अप्पांचा चेहरा दिसला, अगदी स्पष्ट, मिशीतला पांढरा केस न् केस. पण दार नव्हतं, खिडकी नव्हती, हाताच्या अंतरावर भात खाणारी माझी मुलगी नव्हती.

"काचबिंदू," ते म्हणाले. "कडेचा गेला ता काय परत येवचा नाय, डॉक्टरान सांगितल्यान. थेंब घालून मधला रवला तर रवला."

"कधीपासून हे?"

"शिमग्यापासून."

"आणि आम्हाला एका शब्दाने..."

"सांगितला असता तर माझा काम काढून घेतला असतास." ते शांतपणे म्हणाले. "आणि मधला आसा तवसर वाचून घेतंय. डिसेंबरची गोष्ट तेवढी रवली."

"मयूर फोनवर लावून देतो म्हणतोय. सगळं वाचून दाखवतो तो."

"ऐकलंय मी. शेजारचे ऐकतत. पण तो थांबता खंय? गोष्टीत कोण मेला तरी तसोच पुढे जाता."

संध्याकाळी ते गॅलरीतल्या उजेडात कॅलेंडर मांडीवर घेऊन बसले. मी भाजी निवडत दारात बसले होते, पण माझं लक्ष भाजीत नव्हतं. बोट ओळीखालून सरकत होतं. परिच्छेद संपला की ते थांबत, मान वर करत, जणू मजला आलाय, कुणाला उतरायचं आहे, कुणाला चढायचं आहे. मग सगळे आत आल्याची खात्री पटल्यासारखे पुन्हा खाली बघत. एकदा ते हसले. एकदा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि तीच ओळ परत वाचली. मी एम.ए. केलं, पुस्तकांचे गठ्ठे उपसले. एवढ्याशा मजकुराला इतकी जागा करून देणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

पण रस्ता होता, बस होती, उलटी येणारी बाइक होती. 'उद्यापासून तुम्ही अपूर्वाला आणायचं नाही' हे वाक्य मी मनात जुळवत होते, मोडत होते. कसंही जुळवलं तरी ते माणसाला लागणारच होतं.

"चेडवाक उद्यापासून तू आण," कॅलेंडर मिटत अप्पाच म्हणाले. "मी आणतंय म्हणत होतंय, पण खरा तर तीच माका आणता. एवढ्याशा चेडवाच्या मानेर केवढो भार तो." आणि शाळेचं कार्ड, मूल ताब्यात देताना बाई ज्यावरचा फोटो बघतात ते, त्यांनी गळ्यातून काढून माझ्यापुढे ठेवलं.

कार्डावरच्या फोटोत त्यांनी लग्नाला जाताना घालायचा शर्ट घातला होता.

मी ते उचललं आणि त्यांच्या हातात परत दिलं. "कार्ड तुमच्याकडेच राहू दे. मी सोबत येईन."

"ऑफिसच्या दिवशी?"

"मयूर येईल."

"त्याका विचारलंस?"

"सांगितलं की येईल."

"तुझी सासू अशीच होती," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिघं कडेला उभे राहिलो. अप्पा मधे, उजवीकडे अपूर्वा, डावीकडे मी. आज जरा पुढच्या सिग्नलपाशी आलो होतो; चालणाऱ्यांचा दिवा लाल होता. पलीकडे मूर्तींच्या कारखान्याने ताडपत्रीवर नवा बॅनर लावला होता. अप्पांनी मान उचलली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, शुद्ध, छापील मराठीत. "गणेशमूर्तींची नोंदणी सुरू झाली आहे. शाडूच्या मातीच्या, सर्व आकारांत."

दिवा हिरवा झाला. माणसं आम्हाला वळसा घालून जाऊ लागली.

"आजो, ग्रीन!" अपूर्वा म्हणाली.

मी अप्पांच्या पाठीमागून हात नेऊन तिचा खांदा दाबला. ती गप्प झाली.

"मूर्ती घरपोच मिळणार नाही," अप्पा वाचत होते. "न्यायला घरच्याच माणसाने यावे." ते थांबले. जरा वेळ तसेच उभे राहिले. "हां. आता चला."

तोवर दिवा पुन्हा लाल झाला होता.

"थांबूया जरा," मी म्हटलं. "खाली अजून काही लिहिलंय का, अप्पा?"

"आसा," ते म्हणाले, आणि कोपऱ्यातलं बॅनर छापणाऱ्याचं नाव वाचायला लागले.