खंडेनवमीचा विसावा

मित्रांनो, माझ्या दारावरचं कुंकू अजून कुणी पुसलेलं नाही. मी एक जुना फ्रीझर आहे, नांदेडच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतला. बाहेर ऊन रणरणायचं आणि माझ्या पोटात हिमालय असायचा! खोटं नाही सांगत.

इथं संशोधन करणाऱ्या सत्यशीलाताईंनी हिमालयातल्या एका हिमनदीतून बर्फ आणला होता. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीवाणू होते, गारठ्यातच सुखानं नांदणारे. ते एक एन्झाइम तयार करायचे आणि ते दुधातली साखर थंडीतच फोडायचं. दूध तापवायला नको, नासायची भीती नको. ताईंच्या भावाची लेक पुनम नायगावला असते. दूध प्यायली की त्यातली ती साखर न पचून तिच्या पोटात कळा यायच्या. "थांब गं, तुला पेलाभर दूध पाजल्याशिवाय राहत नाही मी," असं ताई तिला फोनवर सांगायच्या. मला काय अभिमान वाटायचा!

प्रयोगशाळेची झाडलोट नागुबाई करायच्या. माझ्यावर त्यांचा लई जीव. खंडेनवमीला त्यांनी मला पुसलं, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली.

"बारा महिने घुरघुर करून राहिलास रे बाबा. आज इसावा घे," म्हणाल्या आणि बटण बंद केलं. त्या दिवशी त्यांच्या घरी विळा-कुदळीलाही कुणी हात लावत नाही. मी ओरडणार कसा?

दसऱ्याची सुट्टी सरली. ताईंनी माझं दार उघडलं, तर कोमट पाणी त्यांच्या पायांवर सांडलं.

"मावशी, बटण कुणी बंद केलं?"

"म्याच की ताई. खंडेनवमी व्हती न्हवं? त्याला बी इसावा नको का?"

ताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाली बसून ते पाणी बाटलीत भरू लागल्या. पुढे त्यांनी ते जीवाणू पुन्हा वाढवून पाहिले. एकही जगला नव्हता.

"परत आणा की वं ताई," नागुबाई रडत म्हणाल्या.

"कुठून आणू मावशी? ती हिमनदी वितळली. तिथं आता नुसते दगड आहेत."

काल पुनमचा फोन आला होता. "आत्या, माझं दूध झालं का?"

"नाही गं बाळा," ताई म्हणाल्या. "आता नाही होणार."

आता मी चालू आहे, पण रिकामा. नागुबाई माझ्या वाऱ्याला उभ्या राहत नाहीत. मित्रांनो, कुणाला जीव लावाल तर त्याला काय हवं ते आधी विचारा. आणि आपण जपलेलं ज्याच्या हाती आहे, त्याला सगळं सांगून ठेवा. माझ्या पोटात काय आहे, हे नागुबाईंना एवढ्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.