ढगीची शेवटची पिल्लं

मांजरमावशीच्या घरात पिंजरा नव्हता, आणि ही गोष्ट ती आल्यागेल्याला न विचारता सांगायची. लांब केसांची, कुत्र्याएवढी वाढणारी जातिवंत मांजरं ती पाळायची, त्यांची पिल्लं पारखून चांगल्या घरी द्यायची. भिंतीभर फळ्या, बाल्कनीला जाळी, सोफ्यावर मांजरं आणि नवरा खुर्चीच्या काठावर. "या घरात पाहुणा तेवढा मीच," असं तो म्हणायचा, पण सकाळी कंगवा घेऊन सगळ्यांचे केस विंचरायला तोच बसायचा.

ढगी ही मावशीची लाडकी, राखाडी मांजरी. हे तिचं शेवटचं बाळंतपण. यापुढे झेपणार नाही, ऑपरेशन करून टाकू, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. चार पिल्लं झाली. त्यातलं सगळ्यात धीट, कानांवर झुपके असलेलं पिल्लू म्हणजे दांडगी. कोणी कितीही गळ घातली तरी हिला द्यायचं नाही, ढगीचा वंश आता हिच्यापासूनच पुढे चालायचा, असं मावशीने ठरवून टाकलं होतं.

नेमका तेव्हाच, वर्षभर वाट पाहिलेला नवा बोका दुसऱ्या गावाहून आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन आठवडे याला वेगळ्या खोलीत ठेवा. लस झालीय म्हणून हा ठणठणीत दिसेल, पण बरोबर काय घेऊन आलाय कोणाला ठाऊक? पिल्लांना अजून लस नाही, विषाची परीक्षा नको." मावशीने शहाण्यासारखी मान डोलावली.

बोका मागच्या खोलीत दाराला पंजे घासत रडायचा. एवढं मोठं जनावर, आणि रडणं तान्ह्या बाळाचं!

"अगं, रडू दे की. चार दिवस कोंडलं म्हणून कोणी मरत नाही," नवरा म्हणाला.

हे बोलणं तिला झोंबलं. मांजरं पिंजऱ्यात ठेवणारेही असंच म्हणायचे, आणि त्यांना तिने जन्मभर नावं ठेवली होती. दुपारी नवरा बाजारात गेला, तशी तिने कडी काढली. बोका शेपूट उंचावून बाहेर आला. त्याने पिल्लांना हुंगलं, चाटलं. दांडगी तर त्याच्या शेपटीलाच लोंबकळली. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा परत आल्यावर पिशवी हातात धरून बघत राहिला आणि शेवटी तोही हसला.

आठवडाही झाला नसेल, एक पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलं. पाणी समोर, पण पिईना. मग उलट्या, मग दुसरं, मग तिसरं. सलाईन, इंजेक्शनं, उबेला गरम पाण्याच्या बाटल्या. दोघांनी जिवाचं रान केलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, "दार उघडलंत ना?" एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिन्ही गेली. चौथी दांडगी, ती सगळ्यात जास्त झुंजली. नवऱ्याच्या जुन्या स्वेटरात गुंडाळून मावशीने तिला छातीशी धरलं होतं, ती तिथेच थंड झाली.

"हा विषाणू घरातून वर्षभर जात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एका खोलीत असता तर ती धुऊन काढली असती. तुमच्याकडे तर सगळं घरच..."

बोका खिडकीत ऊन खात पडला होता, ठणठणीत. त्याचा काय दोष! पण मावशीचा हात काही त्याच्या पाठीवर जाईना.

ढगी पिल्लांना बोलवायचा तो घशातला घुर्रर्र आवाज काढत खोल्याखोल्यांतून फिरत होती. पलंगाखाली, फळ्यांवर, धुण्याच्या टोपलीत. कपाटापाशी थांबली, तेव्हा मावशीने ते उघडून दाखवलं. "बघ बाई, इथं नाहीत." मग तिने दुसरं कपाट उघडलं, ट्रंक उघडली, स्वयंपाकघरातले खण ओढले, आणि शेवटी फ्रीज.

"अगं, काय करतेस हे?" नवऱ्याने विचारलं.

"तिला दाखवतेय. तिला वाटतंय, मीच कुठेतरी कोंडून ठेवलीत."

ढगीने फ्रीजमध्ये डोकं घातलं, हुंगलं आणि मावशीच्या तोंडाकडे बघून पुन्हा तीच हाक मारली.